स्वतःचा काटा : घरी बिटकॉइनचा नोड चालवायला खरंच किती खर्च येतो?

गेल्या उन्हाळ्यात सावळजकडचा एक मुलगा दुकानात आला. सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याने पिशवीतून जुना लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "दादा, यावर बिटकॉइनचा नोड बसेल का? आणि बसला तर महिन्याला किती सुटतील?"

पहिल्या प्रश्नाला मी म्हणालो, बसेल. दुसऱ्याला म्हणालो, एक रुपयाही सुटणार नाही.

तो गप्पच झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गावात कुणीतरी "नोड घ्या, रोज परतावा मिळवा" अशी योजना घेऊन फिरत होतं आणि त्याच्या चुलत्यांनी द्राक्षाच्या पैशातून पन्नास हजार भरायची तयारी केली होती. लॅपटॉप आणला होता तो पैसे वाचवण्यासाठी: घरच्याच मशीनवर होत असेल तर विकत कशाला घ्यायचं?

त्या दिवशी त्याच्याशी दोन तास बोललो. तेच इथे नीट लिहून काढतोय, कारण असे प्रश्न विचारणारा तो एकटा नाही. आणि "नोड" या शब्दाभोवती एवढा गोंधळ आहे, की काही न मिळवता चालवावी अशी ही चांगली गोष्ट लोकांना फसवणुकीचं दुसरं नाव वाटायला लागली आहे.

आधी काटा समजून घेऊ.

आपल्याकडे उसाची ट्रॉली कारखान्यावर जायच्या आधी कितीतरी शेतकरी ती बाहेरच्या वजनकाट्यावर चढवतात. तिथे वजन करायचे पैसे द्यावे लागतात. बदल्यात काय मिळतं? एक चिठ्ठी. उसाचं वजन त्या चिठ्ठीने वाढत नाही, दरही वाढत नाही. पण पुढे दुसऱ्याच्या काट्यावर जो आकडा पडेल तो खरा की खोटा, हे सांगायला तुमच्या खिशात स्वतःचा आकडा असतो. काटामारीच्या तक्रारी ज्यांनी ऐकल्यात, सोसल्यात, त्यांना या चिठ्ठीची किंमत वेगळी सांगायला नको.

बिटकॉइनचा फुल नोड म्हणजे तो स्वतःचा काटा. व्यवहारांची वही बिटकॉइनमध्ये कुठल्याही बँकेत नसते, जगभरातल्या हजारो मशीनवर तिची एकेक प्रत असते. साधारण दर दहा मिनिटांनी या वहीत एक नवं पान जोडलं जातं. त्या पानाला ब्लॉक म्हणतात. पान लिहायचा मान मिळवण्यासाठी जे वीज जाळतात ते मायनर. त्यांना त्याचे पैसे मिळतात: २० एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन आणि त्यातल्या व्यवहारांचं शुल्क. नोडचं काम दुसरं आहे. आलेलं प्रत्येक पान तो तपासतो. सही खरी आहे का, तेच नाणं दोनदा खर्च केलंय का, मायनरने हक्कापेक्षा जास्त घेतलंय का, एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या मर्यादेतच राहतील ना. एका गोष्टीतही खोट निघाली तर नोड ते पान फेकून देतो. ते लिहिणारा मायनर कितीही मोठा असो.

या तपासणीचे पैसे कुणी देत नाही. बिटकॉइनच्या नोडमधून परतावा मिळतो असं जो सांगतो, तो तुम्हाला नोड विकत नाहीये, दुसरंच काहीतरी विकतोय. चुलत्यांना हे एक वाक्य सांगितलं तरी पन्नास हजार वाचतात.

तपासणी खरोखर उपयोगी पडते का? दोन प्रसंग सांगतो. १५ ऑगस्ट २०१० ला ७४,६३८ व्या ब्लॉकमध्ये एका व्यवहाराने १८ हजार ४०० कोटींहून जास्त बिटकॉइन हवेतून तयार केले. सॉफ्टवेअरमध्ये बेरजेची चूक होती, आकडा एवढा मोठा झाला की तो उलटला आणि तपासणीला तो लहान वाटला. काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली, नोडवाल्यांनी ती बसवली आणि ते पान वहीतून बाद झालं. दुसरा प्रसंग ४ जुलै २०१५ चा. नवा नियम नुकताच लागू झाला होता, पण काही मायनर आधीचं पान न तपासताच त्याच्यावर पुढची पानं लिहीत सुटले. एकावर एक सहा ब्लॉक चुकीच्या वाटेने गेले. ज्यांचे नोड अद्ययावत होते त्यांच्या मशीनने ते सगळे नाकारले. जे हलक्या मोबाइल वॉलेटवर (वही न ठेवता व्यवहार दाखवणाऱ्या ॲपवर) विसंबून होते त्यांना मात्र "पैसे आले, पक्के झाले" असं दिसत राहिलं.

हा काटा घरात बसवायला काय लागतं, ते आता पाहू.

पहिला आणि सगळ्यात मोठा खर्च डिस्कचा. ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक तयार झाला, तेव्हापासूनची सगळी पानं साठवायची तर २०२४ संपताना ६०० जीबीच्या पुढे जागा लागत होती. दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक, एकेक दीड-पावणेदोन एमबीचा. म्हणजे वर्षाला ८० ते ९० जीबीची भर पडते. वहीसोबत नोड स्वतःची टिपणंही ठेवतो, ती धरली तर एक टीबीची डिस्क दोन-तीन वर्षांत तोकडी पडते. पूर्ण वही ठेवायची असेल तर थेट दोन टीबी घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. २०२४ च्या दिवाळीत मी एक टीबीची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, पावणेसहा हजारांना घेतली आणि आता पस्तावतोय, दोनचीच घ्यायला हवी होती. डिस्कचे भाव कांद्यासारखे खालीवर होतात, त्यामुळे माझा आकडा धरून बसू नका, घ्यायच्या दिवशी चार ठिकाणी विचारा.

इथे बहुतेक जण विचारतात, "साधी हार्ड डिस्क का नको? तेवढ्याच पैशात दुप्पट जागा मिळते." मीही आधी तेच केलं होतं. कपाटात पडलेली एक जुनी हार्ड डिस्क लावली आणि नोड सुरू केला. पहिले दोन दिवस छान गेले. नंतर एवढा मंदावला की दुकानात बसून तिची खरखर ऐकायची आणि आकडा हलत नाही ते बघायचं. तीन आठवड्यांनी सोडून दिलं.

हे का होतं ते समजायला तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊ. बेदाण्याच्या पेट्या ठेवल्या की पावती मिळते. माल उचलला की पावती रद्द. समजा एखाद्या स्टोरेजने पंधरा वर्षांच्या सगळ्या आवक-जावकेच्या वह्या जपून ठेवल्यात. गठ्ठे मोठे, पण कोपऱ्यात निवांत पडलेले. रोजच्या कामाला दिवाणजींना लागतं ते दुसरंच रजिस्टर: आज कुठल्या पावत्या जिवंत आहेत. कुणी पावती घेऊन माल मागायला आला की दिवाणजी ते रजिस्टर उघडतात, पावती शोधतात, खोडतात, आणि उरलेल्या मालाची नवी पावती लिहितात.

बिटकॉइनमध्ये हे जिवंत पावत्यांचं रजिस्टर दहा-बारा जीबीचं आहे. पूर्ण वहीच्या मानाने अगदी लहान. पण त्यात १५ कोटींहून जास्त नोंदी आहेत आणि प्रत्येक व्यवहार तपासताना नोडला त्यातली कुठलीतरी एक, कुठल्याही पानावरची, शोधावी लागते. साध्या हार्ड डिस्कची सुई प्रत्येक शोधाला तबकडीवर इकडून तिकडे धावते, सेकंदाला शंभर-दीडशे शोध म्हणजे तिचा जीव जातो. एसएसडीत हलणारं काही नसतं, ती सेकंदाला हजारोंनी शोध लावते. मे २०२४ मध्ये बिटकॉइनच्या वहीतले व्यवहार १०० कोटींवर गेले. सुरुवातीला नोडला हे सगळे एकामागून एक तपासून पुढे यायचं असतं. आता सांगा, कुठली डिस्क लावायची?

म्हणून काटकसर करायची ती बाकी सगळ्यात करा, एसएसडीत नको. रॅम चार जीबी असली तरी चालतं, आठ असेल तर उत्तम. प्रोसेसर सात-आठ वर्षांपूर्वीचा असला तरी हरकत नाही. गिऱ्हाईक टाकून गेलेले असे लॅपटॉप माझ्याकडे नेहमी चार-पाच पडलेले असतात आणि त्यातला कुठलाही या कामाला पुरतो.

सॉफ्टवेअरला पैसे लागत नाहीत. बिटकॉइन कोअर फुकट मिळतं, फक्त ते त्यांच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा आणि फाइलची सही पडताळून घ्या. पडताळणीसाठीच नोड बसवायचा आणि नोडच न पडताळता बसवायचा, हे बरोबर नाही.

इंटरनेटचं गणित लोकांना वाटतं त्याच्या उलट आहे. १०० एमबीपीएसचं फायबर असेल तर ६०० जीबी उतरवायला हिशेबाने साडेतेरा तास पुरतात. पण एसएसडी असलेल्या जुन्या लॅपटॉपला पहिली तपासणी पूर्ण करायला तीन-चार दिवस लागतात आणि रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डला त्याहून जास्त. म्हणजे वेळ खातो तो काटा, रस्ता नाही. सांगली-मिरजेत आता गल्लीगल्लीत फायबर आहे आणि अनेक "अमर्याद" योजनांमध्ये महिन्याला ३३०० जीबीची छुपी मर्यादा असते. सुरुवातीचा महिनाही तिच्यात आरामात बसतो.

मोबाइलच्या डेटावर मात्र हे करू नका. रोज दोन जीबी मिळतात असं धरलं तर ६०० जीबीला ३०० दिवस लागतील आणि तेवढ्या दिवसांत वहीत आणखी ७० जीबीची भर पडलेली असेल. वाडीवस्तीवर जिथे फक्त मोबाइलच आहे, तिथल्या माणसाने सुरुवातीची तपासणी गावातल्या मित्राच्या फायबरवर करून मग मशीन घरी न्यावं. पुढे रोजचे नवे ब्लॉक म्हणजे साधारण २३० एमबी. ते झेपतं.

एक गोष्ट मात्र सेटिंगमध्ये बघायलाच हवी. नोड नुसता घेत नाही, देतोही. नव्याने सुरू झालेले नोड तुमच्याकडून जुनी पानं मागतात आणि सोय असेल तर महिन्याला शेकडो जीबी बाहेर जाऊ शकतात. तुमच्या योजनेला ते झेपत नसेल तर बिटकॉइन कोअरमध्ये रोजच्या अपलोडला मर्यादा घालता येते. ती घातली तरी तुमची स्वतःची तपासणी जराही कमी होत नाही. आपल्याकडचे बरेच स्थानिक इंटरनेटवाले अनेक घरांना मिळून इंटरनेटवरचा एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे बाहेरचे नोड तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. तरी तुमचा नोड आपणहून दहाएक नोडशी जोडला जातो आणि काम चालतं. त्यासाठी स्थिर पत्त्याचे जादा पैसे भरायची गरज नाही.

विजेबद्दल जरा थांबून बोलतो, कारण बिल दर महिन्याला येतं आणि घरातल्या बायामाणसांचा पहिला प्रश्न तोच असतो. मायनिंगला वीज लागते म्हणून नोडलाही लागत असेल असं लोक धरून चालतात. तसं नाही. झाकण मिटून ठेवलेला जुना लॅपटॉप साधारण २० वॅट खातो. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे १४.४ युनिट. रास्पबेरी पाय आणि एसएसडी मिळून ८ वॅट धरा, महिन्याला पावणेसहा युनिट. जुना डेस्कटॉप ७० वॅट सहज घेतो, तो ५० युनिटांवर जातो.

दर किती धरायचा? आपल्याकडचं घरगुती बिल टप्प्याटप्प्याने चढतं. पहिल्या १०० युनिटांचा दर एक, १०१ ते ३०० चा त्याहून बराच चढा, पुढचे आणखी चढे. नोड चोवीस तास चालणारा, त्यामुळे त्याचे युनिट कायम बिलाच्या वरच्या टोकाला पडतात. ज्या घराचं बिल ९० युनिटांत भागतं तिथे ५० युनिटांचा डेस्कटॉप लावला तर ४० युनिट महागड्या टप्प्यात जातात. म्हणून हिशेब सरासरी दराने करू नका, तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराने करा. मी सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरतो. त्या हिशेबाने लॅपटॉपला महिन्याला पावणेदोनशेच्या आत, रास्पबेरी पायला सत्तर, आणि डेस्कटॉपला सहाशे. डेस्कटॉप वर्षाला सात हजारांवर नेतो, आणि २०२४ मध्ये माझी एसएसडी त्याहून कमी पैशात आली होती. "घरात जुना पीसी पडून आहे, फुकटात होईल" या विचारात हाच खड्डा आहे.

लॅपटॉपची बाजू मी आणखी एका कारणासाठी घेतो. मे महिन्यातल्या एका दुपारी, साडेचारच्या सुमाराला, आभाळ एकदम काळं झालं. वळवाचा पाऊस, वारा, दुकानासमोरच्या गुलमोहराची फांदी खाली आली आणि वीज गेली. माझा नोड तेव्हा रास्पबेरी पायवर होता, डिस्क बाहेरून केबलने जोडलेली. दिवे आल्यावर मशीन सुरू झालं, पण लॉगमध्ये, म्हणजे नोड स्वतःच्या कामाची नोंद लिहितो तिथे, ओळ आली की डेटाबेस खराब झालाय, पुन्हा बांधावा लागेल. लिहिण्याच्या ऐन मध्यात डिस्कचा जीव गेला होता. वही शाबूत होती, पण पावत्यांचं रजिस्टर पहिल्या पानापासून नव्याने बनवायला पाच दिवस लागले. लॅपटॉपला बॅटरी असते. जुनी असली तरी वीस मिनिटं काढते, आणि नोड नीट बंद करायला दोन मिनिटं पुरतात. रास्पबेरी पाय किंवा छोटा पीसी वापरायचा असेल तर राउटरसकट तो इन्व्हर्टरवर घ्या.

आणि तळमजल्यावर ठेवू नका. हे मी सांगलीकरांनाच सांगतोय, आणि त्यामागे काय आहे ते त्यांना ठाऊक आहे.

एवढी जागा, एवढा खर्च नको असेल तर एक फार चांगला मार्ग आहे आणि तो लोकांना माहीतच नसतो. त्याला प्रूनिंग म्हणतात, द्राक्षाच्या छाटणीसारखंच. नोड सगळी पानं पहिल्यापासून उतरवतो, तपासतो, जिवंत पावत्यांचं रजिस्टर तयार करतो आणि तपासून झालेली जुनी पानं टाकून देतो. शेवटची थोडी पानं ठेवतो, कमीत कमी ५५० एमबीची. रजिस्टर धरून सगळं पंधरा जीबीच्या आसपास भागतं. म्हणजे जुन्या लॅपटॉपमध्ये १२८ जीबीची एसएसडी असेल तर नवी घ्यायचीच नाही.

यात तपासणी कमी होते का? नाही. प्रत्येक ब्लॉक तुमच्या काट्यावरून जातो. फक्त चिठ्ठ्यांचे जुने गठ्ठे तुम्ही साठवत नाही. तोटे दोन आहेत. नव्या नोडला तुम्ही जुनी पानं देऊ शकत नाही. आणि एखाद्या जुन्या वॉलेटचे कित्येक वर्षांपूर्वीचे व्यवहार शोधायचे झाले तर सगळी वही पुन्हा उतरवावी लागते. आपल्यासारख्या माणसाला बहुतेक वेळा या दोन्हींनी काही अडत नाही. इंटरनेट मात्र तेवढंच लागतं, कारण तपासायला पानं यावी तर लागतातच.

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी. बिटकॉइन कोअर नेहमीच्या सेटिंगमध्ये खूप जुन्या ब्लॉकमधल्या सह्या पुन्हा तपासत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एका ठराविक ब्लॉकची खूण लिहिलेली असते आणि त्याच्या आधीच्या सह्या बरोबर धरल्या जातात. नाण्यांची बेरीज, दुहेरी खर्च, हे सगळं मात्र पहिल्यापासून तपासलं जातं. ज्याला सह्याही स्वतःच तपासायच्या आहेत त्याला हे सेटिंग बंद करता येतं, फक्त पहिली तपासणी आणखी लांबते. मी एकदा बंद करून पूर्ण तपासणी केली. वेळ गेला, पण समाधान वेगळं होतं. तसंच ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून ८,४०,००० व्या ब्लॉकपाशी तयार केलेलं रजिस्टर आयतं चढवून लगेच कामाला लागता येतं, आणि मागची तपासणी मागाहून शांतपणे चालू राहते. घाई असेल त्याने ती वाट धरावी.

आणखी स्वस्त म्हणजे मोबाइलमधलं हलकं वॉलेट. ३१ ऑक्टोबर २००८ ला सातोशी नाकामोतो या नावाने जो नऊ पानी लेख आला, त्यातच या पद्धतीचा विचार मांडलेला आहे. पूर्ण पान घ्यायचं नाही, त्याचं फक्त डोकं घ्यायचं. एका ब्लॉकचं डोकं ८० बाइटचं असतं, नऊ लाख ब्लॉकची डोकी मिळून ७२ एमबी होतात. फोनवर सहज बसतं. पण डोकं बघून पानातली बेरीज कळत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी तपासली असेल असं धरून चालावं लागतं, आणि जुलै २०१५ मध्ये नेमकं तिथेच घोडं अडलं. शिवाय अशी बरीच वॉलेट तुमच्या बिटकॉइनच्या पत्त्यांबद्दल (खाते क्रमांकासारखे असतात ते) कुणाच्या तरी सर्व्हरला विचारतात, म्हणजे तुमचं पासबुक दुसऱ्याच्या टेबलावर उघडं राहतं. पाच-दहा हजारांपुरता प्रश्न असेल तर हलकं वॉलेट पुरे, त्यासाठी लॅपटॉप जागा ठेवण्यात अर्थ नाही. वर्षभराची बचत त्यात असेल, किंवा दुकानात कुणाकडून बिटकॉइनमध्ये पैसे घेत असाल, तर स्वतःचा काटा हवा.

हा सगळा खर्च आज जेवढा आहे तेवढाच का आहे, यामागे एक मोठं भांडण आहे. २०१० मध्ये ब्लॉकला एक एमबीची मर्यादा आली. पुढे व्यवहार वाढले, शुल्क वाढलं, आणि २०१५ पासून दोन वर्षं वाद पेटला. एक बाजू म्हणे ब्लॉक मोठे करा, व्यवहार स्वस्त होतील. दुसरी म्हणे ब्लॉक मोठे केले तर सामान्य माणसाच्या घरातले नोड बंद पडतील आणि तपासणी चार मोठ्या कंपन्यांच्या हातात जाईल. १ ऑगस्ट २०१७ ला वाटण्या झाल्या. आठ एमबीचे ब्लॉक घेऊन बिटकॉइन कॅश वेगळं झालं. त्याच महिन्याच्या २४ तारखेला बिटकॉइनमध्ये सेगविट नावाचा बदल लागू झाला. त्यात मोजायची पद्धत बदलली. तत्त्वतः ब्लॉक चार एमबीपर्यंत जाऊ शकतो, व्यवहारात आज दीड-दोनवर असतो.

आकडे मांडून बघा. आठ एमबीचे ब्लॉक रोज भरून गेले तर वर्षाला ४२० जीबी. ३२ एमबीचे भरले तर वर्षाला पावणेदोन टीबीच्या आसपास. दरवर्षी नवी डिस्क, मोठं मशीन, जाडजूड इंटरनेट. सावळजचा मुलगा त्यात टिकला नसता. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. २० एप्रिल २०२४ ला एका व्यवहाराचं सरासरी शुल्क सव्वाशे डॉलरच्या पुढे गेलं होतं, म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर. काटा स्वस्त आणि ट्रॉली रस्त्यावर आणायलाच दहा हजार, हेही सामान्य माणसाचं भलं नाही. मला विचाराल तर मी काट्याच्या बाजूचा आहे. शुल्क चढतं तसं उतरतंही आणि त्यावर वेगळे उपाय निघतात, पण घराघरातले काटे एकदा उचलले गेले की पुन्हा बसवायला कुणी येत नाही.

बिटकॉइनसारख्या बाकी वह्यांची, म्हणजे ब्लॉकचेनची, तऱ्हा वेगळी आहे. इथेरियमच्या नोडला आज दोन टीबीची चांगली एसएसडी आणि दोन-दोन प्रोग्राम लागतात, तरी घरी जमतं. तिथे ३२ इथर (इथेरियमची नाणी) गुंतवून व्हॅलिडेटर, म्हणजे नवी पानं मंजूर करणारा, झालं तर मोबदला मिळतो, पण ते काम वेगळं आणि जोखीमही वेगळी. सोलानाच्या व्हॅलिडेटरला शेकडो जीबी रॅमचा सर्व्हर लागतो, ते घरात ठेवायचं यंत्र नव्हे.

कराबद्दल दोन शब्द. १ एप्रिल २०२२ पासून भारतात अशा आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. नुसता नोड चालवण्यात खरेदी-विक्री नाही, मिळकत नाही, त्यामुळे तिथे कर लागण्यासारखं काही नसतं.

त्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये १२० जीबीची एसएसडी आधीच होती. आम्ही प्रून केलेला नोड बसवला. त्याच्या घरी फायबर आलेलं आहे, त्यामुळे रविवारी संध्याकाळी मशीन तिकडे गेलं, कपाटावर चढलं आणि सुरू झालं. एकूण खर्च शून्य, अधिक महिन्याचे चौदा-पंधरा युनिट. ते त्याने वडिलांना आधीच सांगून टाकले होते.

पहिली तपासणी चालू असताना लॉगमध्ये प्रत्येक ब्लॉकची तारीख सरकत जाते. २००९, २०१० ही वर्षं चहा होईपर्यंत संपतात, कारण तेव्हा पानं जवळजवळ कोरीच होती. २०१३ पासून वेग उतरतो. २०१७ ला मशीन तापायला लागतं. तो मला अधूनमधून लॉगचा फोटो पाठवायचा. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला फोटो आला, ब्लॉकची उंची, म्हणजे क्रमांक, ५ लाख ८९ हजारांच्या घरात. खाली त्याने लिहिलं होतं, "दादा, २०१९ चा ऑगस्ट आला. तारीख बघा."

९ ऑगस्ट होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर होती ते दिवस. आमच्याकडे वीज नव्हती, फोन बंद होते, मी आणि आई दुसऱ्यांच्या गच्चीवर होतो. त्या दिवशीची पानं जगात कुठेतरी लिहिली गेली होती, आणि आता सावळजमध्ये एका कपाटावर एकेक करून तपासली जात होती. मी त्याला परत लिहिलं, "लॅपटॉप फार तापला असेल तर पंखा लाव. अजून निम्मं काम बाकी आहे."